सळईची सावली आणि बातमीफळा

तेवीस मुले, दोन शिक्षक, दोन खोल्या आणि पुढे अंगण. एवढ्याशा शाळेत रोज बातमी कुठून आणायची? मुळशी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या आमच्या पहिली ते चौथीच्या शाळेत बातमीफळा सुरू करायचे ठरले, तेव्हा हा प्रश्न मुलांच्या आधी आम्हा दोघांनाच पडला होता. वर्तमानपत्र वाडीवर दुपारी येते, तेही कोणी पौडला गेले तर. तेव्हा बातम्या आपल्याच शाळेच्या लिहायच्या असे ठरवून व्हरांड्यातल्या जुन्या फळ्याचे आम्ही आडवे दोन भाग केले. वरच्या भागाला नाव दिले ‘काय घडले’ आणि खालच्या भागाला ‘काय घडणार’.

वरचा भाग पहिल्या दिवसापासून भरू लागला. दुसरीतल्या एकीचा दात पडला, टाकीत पाणी आले नाही, पोषण आहारात मटकीची उसळ होती, माकडांनी पेरूच्या झाडाचा फडशा पाडला. मुलांना बातम्यांचा तोटा नसतो, तो आपल्याला असतो. खालचा भाग मात्र रिकामा राहू लागला. तिथे फक्त आमच्याकडे आलेल्या परिपत्रकांतले मजकूर उतरत. सोमवारी आरोग्य तपासणी, शुक्रवारी केंद्रप्रमुख येणार, पुढच्या आठवड्यात चाचणी. यात मुलांचे असे काही नव्हते. कोणीतरी ठरवले आणि आम्ही कळवले, एवढेच.

कोंडी फोडली ती एका कोंबडीने. तिसरीतली एक मुलगी सकाळी येऊन म्हणाली, “बाई, आमची कोंबडी काल अंड्यांवर बसवली. पिल्लं कधी निघतील ते लिहू का?” किती दिवसांनी, असे विचारल्यावर तिने आजीकडून आणलेले उत्तर दिले, एकवीस. कालनिर्णय काढून मुलांनी दिवस मोजले आणि तारीख फळ्यावर लिहिली. त्या तारखेला नऊपैकी सात अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली आणि खालची बातमी वरच्या भागात गेली. मुलांना झालेला आनंद पिल्लांचा होता त्याहून जास्त तारीख जुळल्याचा होता. पुढे घडणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात, हा भेद त्या दिवशी वर्गात आपोआप निघाला. एक प्रकार कोणीतरी ठरवतो म्हणून घडणाऱ्यांचा. दुसरा आपल्या आपण घडणाऱ्यांचा, ज्यांची तारीख आपल्याला शोधून काढावी लागते. सळईचा उद्योग या दुसऱ्या प्रकारातून सुरू झाला.

२०१९ च्या जानेवारीत शाळेच्या बांधकामातून उरलेली बारा मिलिमीटर जाडीची सळई आम्ही एका फुटक्या घमेल्यात सिमेंट ओतून उभी केली. घमेल्याच्या कडेपर्यंत सिमेंट भरून वर शहाबादी फरशी सपाट बसवली आणि फरशीच्या वर सळई नेमकी एक मीटर ठेवली. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्यांनी ओळंबा लावून सळई सरळ केली आणि पाणपातळीने फरशी तपासली. हा भाग घाईने उरकू नये. एक मीटर उंचीच्या सळईचे टोक उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे एक सेंटिमीटर जरी कलले, तरी कोनात अर्ध्या अंशाहून अधिक चूक होते, आणि पुढे जी तारीख शोधायची आहे ती दोन दिवसांनी हुकते.

मोजायची होती ती रोजची मध्यान्हीची सावली. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा, असे मुलांनी गृहीत धरले होते. आम्ही तेव्हा काही बोललो नाही. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायला सांगितली. बारा वाजून गेले तरी सावली आखडतच होती. सर्वांत आखूड खूण निघाली ती बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास. याचे कारण असे, की आपले घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखवते आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ आहे. आमची वाडी त्याच्या सुमारे ९ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून सूर्य आमच्या डोक्यावर साधारण छत्तीस मिनिटे उशिरा येतो. उरलेली बारा मिनिटे वेगळ्या कारणाची. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग वर्षभर सारखा नसतो आणि तिचा अक्षही कललेला आहे, त्यामुळे सूर्याचा मध्यान्ह घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो. फेब्रुवारीच्या मध्याला आमच्याकडे तो १२ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास असतो, एप्रिलच्या मध्याला १२ वाजून ३६ मिनिटांना आणि मेच्या मध्याला १२ वाजून ३२ मिनिटांना. चौथीच्या मुलांना यातले पहिले कारण पृथ्वीगोल फिरवून सांगता येते. दुसरे आम्ही सांगितले नाही. आखूडात आखूड खूण हीच मध्यान्हीची सावली, एवढे त्यांना पुरेसे होते.

सेंटिमीटरमध्ये लिहिलेले आकडे पहिली-दुसरीच्या मुलांना काही सांगत नाहीत. म्हणून ज्या दिवशी मोजणी होई त्या दिवशी सावलीइतक्या लांबीची कागदाची पट्टी कापायची, तिच्यावर तारीख लिहायची आणि ती भिंतीवर उभी चिकटवायची, असे ठरले. पट्ट्यांमधले अंतर दिवसांच्या हिशेबात, एका दिवसाला एक सेंटिमीटर. आलेख हा शब्दही न वापरता आलेख तयार झाला, आणि तोही आकड्यांचा नव्हे, प्रत्यक्ष सावल्यांचा. २६ जानेवारीची पट्टी ७६ सेंटिमीटरची होती, १५ फेब्रुवारीची ६०, १ मार्चची ४९ आणि १५ मार्चची ३८. दर दिवसाला सुमारे आठ मिलिमीटर, जणू पट्टी लावून उतरावे तसे.

मार्चच्या मध्याला चौथीतल्या दोघांनी पट्ट्यांच्या वरच्या टोकांना दोरा लावला, तो ताणून तसाच पुढे नेला आणि जमिनीच्या रेघेला जिथे टेकला तिथपर्यंत दिवस मोजले. दोरा टेकला १ मे या तारखेवर. मुलांचा जल्लोष विचारू नका. १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, निकालाचा दिवस, झेंडावंदनाला सगळी वाडी शाळेत. त्याच दिवशी दुपारी सावली नाहीशी! फळ्याच्या खालच्या भागात मोठ्या अक्षरांत लिहिले गेले, “१ मे रोजी दुपारी आपल्या अंगणातील सळईची सावली नाहीशी होईल. सर्वांनी यावे.”

आता आमची पंचाईत झाली. आम्हाला तारीख ठाऊक होती. सूर्य ज्या दिवशी आपल्या अक्षांशाइतका उत्तरेला येतो त्या दिवशी मध्यान्ही तो नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच लपते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. साडेअठरा अंश अक्षांशावर तो १३-१४ मे रोजी येतो. मुलांची तारीख जवळजवळ दोन आठवडे चुकली होती, आणि ती चूक शाळेच्या दर्शनी फळ्यावर होती.

सांगावे की सांगू नये, यावर आमच्या दोघांत बरेच दिवस वाद चालला. बाईंचे म्हणणे, मुलांना चुकू द्यायला हरकत नाही, पण फळा वाडी वाचते. गोष्ट खरी होती. पट आधीच तेवीसवर आला होता. बाजारगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी रोज सकाळी वाडीच्या तोंडाशी थांबते, आणि दोन घरांत पुढच्या वर्षी मुले तिकडे घालायची चर्चा चालू होती. ज्या शाळेच्या फळ्यावर चुकीचे लिहिलेले असते ती शाळा कशी, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे? गुरुजींचे म्हणणे असे, की आज तारीख सांगितली तर मुले पट्ट्या कापायचे थांबवतील. शेवटी मध्यममार्ग निघाला. तारीख सांगायची नाही, पण एक नियम करायचा. खालच्या भागातली बातमी चुकली असे दिसले तर ती पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खाली नवी बातमी लिहायची आणि ती का बदलली हेही लिहायचे.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. शाळा साडेअकराला सुटते आणि मध्यान्ह साडेबारानंतर, म्हणून दोघा-दोघांच्या पाळ्या लावल्या. टोपी किंवा रुमाल डोक्यावर हवाच, आणि सूर्याकडे पाहायचे नाही, पाहायचे ते फक्त फरशीकडे. १ एप्रिलची पट्टी २५ सेंटिमीटर भरली, दोऱ्याहून केसभर जास्त. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १५ एप्रिलची पट्टी साडेपंधरा सेंटिमीटर निघाली आणि दोऱ्याच्या वर चांगली दीड बोट उभी राहिली.

मुलांची पहिली शंका सळईवर. कोणीतरी धक्का दिला असणार! पुन्हा ओळंबा आला, सळई सरळच होती. मग पट्टी कापणाऱ्यावर शंका. दुसऱ्या जोडीने दुसऱ्या दिवशी मोजले, पट्टी पहिलीशी जुळली. तेव्हा कुठे एकीने विचारले, “गुरुजी, सावलीच हळू चालायला लागली असंल का?” मागच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजल्या गेल्या. मार्चपर्यंत दिवसाला आठ मिलिमीटर, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जेमतेम सात. २३ एप्रिलला लोकसभेचे मतदान होते आणि आमची शाळा मतदान केंद्र. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या वाडीने तो फळा वाचला. दोनच दिवसांनी, २५ एप्रिलला, सावली साडेनऊ सेंटिमीटर भरली, म्हणजे आता दिवसाला सहा मिलिमीटर. मुलांनी १ मेवर रेघ मारली आणि खाली लिहिले, “सावली हळू झाली आहे. नवी तारीख ११ मे.”

१ मेला झेंडावंदन झाले, निकाल वाटले. दुपारी सावली सहा सेंटिमीटर होती. व्यवस्थापन समितीतले एक गृहस्थ हसत म्हणाले, “गुरुजी, शाळेनं तरी फळ्यावर खोडाखोड करू नये.” आम्ही गप्प राहिलो. मुलांपैकी एकाने मात्र त्यांना भिंतीजवळ नेऊन सगळ्या पट्ट्या दाखवल्या.

सुट्टी लागली तरी ११ मेला वीसेक माणसे अंगणात जमली. सळईच्या पायाशी, उत्तरेच्या बाजूला, सळईच्या जाडीएवढी सावली उरली होती. बरोबर सव्वा सेंटिमीटर. एक म्हातारबुवा म्हणाले, “पंचांगात बघायचं होतं.” मुलांचे चेहरे उतरले. खरे सांगायचे तर आम्हालाही त्या क्षणी वाटले, की तारीख सांगून टाकली असती तर बरे झाले असते. पण मुलांनी पट्टी कापली. १२ मेला सावली आणखी घटली, १३ मेला शोधावी लागली, १४ मेला फरशीवर काहीच नव्हते. शेजारी उभ्या धरलेल्या हातभर नळीच्या तळाशी उजेडाचा पूर्ण गोल पडला होता. त्या दिवशी सात मुले होती आणि मोठ्यांपैकी फक्त आम्ही दोघे आणि म्हातारबुवा. १५ मेला जे दिसले त्याची मुलांना कल्पनाच नव्हती. सळईच्या पायाशी अर्ध्या सेंटिमीटरची सावली परत आली होती, पण दक्षिणेच्या बाजूला.

सावली हळू का झाली, हे समजून घेताना आम्हालाही थोडे डोके चालवावे लागले. वडाला बांधलेला झोका आठवा. मध्यातून जाताना तो सर्वांत वेगात असतो, टोकाकडे हळू होतो, टोकाला क्षणभर थांबतो आणि परततो. सूर्याचे उत्तर-दक्षिण सरकणे असेच आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास साडेतेवीस अंश दक्षिणेला आणि २१ जूनच्या सुमारास तितकाच उत्तरेला दिसतो. २१ मार्चच्या आसपास तो विषुववृत्त ओलांडतो तेव्हा झोका मध्यावर असतो आणि सूर्य दिवसाला ०.४ अंश सरकतो. मेच्या मध्याला हा वेग पाव अंशावर येतो आणि २१ जूनला शून्यावर.

मग जानेवारीतही झोका टोकाजवळच होता, तेव्हा सावली हळू का नव्हती? इथे दुसरी गोष्ट आड येते. सावली लांब असताना सूर्य एक अंश वर चढला की ती जास्त घटते, आखूड असताना कमी. सावली ७६ सेंटिमीटर असताना एका अंशाला पावणेतीन सेंटिमीटर कमी होतात, ९-१० सेंटिमीटर असताना जेमतेम पावणेदोन. जानेवारीत सूर्य हळू पण सावली लांब, मार्चमध्ये सूर्य वेगात पण सावली आखूड. दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात आणि पट्ट्या सरळ रेघेत उतरतात. एप्रिलनंतर दोन्ही गोष्टी एकाच बाजूला काम करतात आणि रेघ वाकते. मुलांचा दोरा चुकला नव्हता. दोन महिन्यांच्या सरळ रेघेवरून पुढेही रेघ सरळच जाईल असे मानले, तिथे गफलत झाली. मोठी माणसेही धरणाच्या पाण्याचे आणि बाजारभावाचे अंदाज असेच बांधतात.

आणखी एक शंका मुले हमखास विचारतात. सावलीचे टोक धूसर का? सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे एक मीटर उंचीवरच्या टोकाच्या सावलीची कड जवळजवळ नऊ मिलिमीटर पसरते. म्हणून १३ की १४ मे, यावर भांडू नये. दोन्ही दिवस जवळपास शून्याचेच दिसतात.

आपल्या गावची तारीख काढायला आपला अक्षांश ठाऊक हवा. पणजीला सूर्य २-३ मेच्या सुमारास डोक्यावर येतो, कोल्हापूरला ६-७ मे, सोलापूरला १० मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २० मे आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास. उत्तरेकडून परतताना तो दुसऱ्यांदा डोक्यावर येतो, नागपूरला १७ जुलैच्या आसपास, मुंबईला २७-२८ जुलै, पुण्याला २९-३० जुलै, कोल्हापूरला ५-६ ऑगस्ट. महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे एकही गाव यातून सुटत नाही. दिल्लीच्या मुलांना मात्र ही सावलीची गंमत कधीच दिसत नाही. आपली अडचण वेगळी आहे. पहिली तारीख सुट्टीत येते आणि दुसरी ढगांत. त्यासाठी आमचा अनुभव असा, की शून्याच्या दिवशी मुले गोळा करण्यापेक्षा जानेवारीपासूनच्या पट्ट्या महत्त्वाच्या. त्या असतील तर सुट्टीत मुले आपण होऊन येतात. नसतील तर त्या दिवशी पाहण्यासारखे फारसे काही नसते, फक्त सावली नसते.

२०१९ साली पाऊस लांबला, त्यामुळे शाळा उघडल्यावर २१ जूनला ऊन मिळाले. सावली साडेआठ सेंटिमीटर, दक्षिणेला. तीही पट्टी मुलांनी चिकटवली, पण जमिनीच्या रेघेच्या खाली. ऋण संख्या चौथीच्या अभ्यासक्रमात नाहीत, तरी हे त्यांचे त्यांनाच सुचले. २०२० सालच्या पट्ट्या मार्चच्या मध्याला संपतात. शाळाच बंद झाल्या. सळई मात्र जागेवर उभी होती.

त्या दोन घरांपैकी एका घरातले मूल दुसऱ्या शाळेत गेले, एक राहिले. याचा सळईशी काही संबंध जोडण्यात अर्थ नाही.

सध्या खालच्या भागात एक बातमी आहे ती एकट्याने पुरी करता येण्यासारखी नाही. २१ मार्चला नाशिकजवळच्या एखाद्या शाळेत एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली ३६ सेंटिमीटरच्या थोडी वर भरेल आणि कोल्हापूरजवळच्या शाळेत ३० सेंटिमीटर. काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर काढून कोनमापकाने कोन मोजले, तर दोन कोनांत साधारण ३.३ अंशांचा फरक निघतो. दोन्ही गावे जवळपास एकाच रेखांशावर आहेत आणि नकाशावर त्यांच्यातले दक्षिणोत्तर अंतर ३६५ किलोमीटरच्या आसपास भरते. ३.३ अंशांना ३६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने दोन गावांच्या सावल्यांतला ७.२ अंशांचा फरक धरून पृथ्वीचा घेर याच रीतीने काढला होता. आमच्या मुलांनी त्यासाठी पोस्टकार्डे लिहायला घेतली आहेत. फळ्यावर मजकूर असा आहे, “२१ मार्चला दोन गावांच्या सावल्या पत्राने येतील आणि पृथ्वीचा घेर निघेल.” खाली दुसऱ्या अक्षरात कोणीतरी जोडले आहे, “पत्र आले तर.”